दहा लिटरचे आप्पा

मी नवी स्कूटर घेतली तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी किंमत विचारली. तालमीतल्या पोरांनी रंगाला नावं ठेवली, समोरच्या काकींनी हळदकुंकू वाहिलं. आप्पा मात्र गेटाला टेकून शेवटपर्यंत गप्प उभे होते. गर्दी पांगल्यावर जवळ आले, टायरला अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि म्हणाले,

"मास्तर, दा लिटरला किती?"

मी म्हटलं, "आप्पा, हिची टाकीच पाच लिटरची आहे."

"मग दोनदा भरा की."

आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. एसटीत गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला मोजत नाहीत, दहा लिटरला मोजतात. त्याचं नाव केपीटीएल, म्हणजे दहा लिटरला पडलेले किलोमीटर. बाकीचे लोक 'साडेचार पडतंय' म्हणतात, एसटीवाला 'पंचेचाळीस' म्हणतो. त्यांच्या डेपोत म्हणे एक फळा होता. त्यावर दर महिन्याला ड्रायव्हरांची नावं आणि त्यांचं केपीटीएल खडूनं लिहिलं जाई. त्या फळ्यासमोर उभं राहून आप्पांनी माणसं ओळखायला शिकून घेतलं. आजही कुणाचा विषय निघाला की त्याची जात, शेती, मुलांची शिक्षणं यांच्या आधी आप्पांना त्याचा आकडा आठवतो. "त्यो व्हय? सज्जन मानूस. अठ्ठेचाळीसच्या खाली कदी आला न्हाय."

एक लिटर सोडून दहा कशाला, असं मी एकदा विचारलं होतं.

"येका लिटरचा हिशेब किराना दुकानात करत्यात मास्तर. आपन घाऊकवाले."

ही घाऊक दृष्टी घरातही आहे. गॅसच्या सिलिंडरवर लावल्याची तारीख खडूनं लिहिलेली असते आणि स्वयंपाकघराच्या दारामागे काकींचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, स्वतंत्र फळा आहे. मागचा सिलिंडर ५२ दिवस, त्याच्या आधीचा ४७. पाहुणे येऊन गेलेले दिवस लाल खडूनं. एका गणपतीत हा आकडा ३१ वर आला, तेव्हा आप्पांनी काकींना काही बोलून दाखवलं नाही. फक्त बर्नर काढून टाचणीनं त्याची भोकं साफ केली. काकी म्हणतात, त्यापेक्षा बोलले असते तर बरं वाटलं असतं.

आप्पांच्या सोप्यात तीन फोटो आहेत. दत्त, शाहू महाराज आणि उभ्या कॉलरचा, मिशीवाला, चष्म्यातला एक गोरा साहेब. नवे पाहुणे त्याला शाहू महाराजांच्या दरबारातला कुणी अधिकारी समजतात. तो रुडॉल्फ डिझेल. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाची चाचणी झाली आणि तेलातली २६ टक्के शक्ती कामाला लागली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा हे कितीतरी जास्त होतं, त्यामुळे जगानं टाळ्या वाजवल्या. १९१३ साली इंग्लंडला जाताना हा माणूस रात्री बोटीवरून नाहीसा झाला. कर्जामुळे जीव दिला, कुणी ढकललं, असे बरेच तर्क आहेत. आप्पांच्या मनात तर्काला जागा नाही.

"आवं, उरलेल्या चौऱ्याहत्तर टक्क्यांनी झोप लागली नसंल बिचाऱ्याला."

आप्पांची स्वतःची झोपही त्यातच जाते. चांगल्या डिझेल इंजिनातसुद्धा तेलाच्या उष्णतेचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा चाकाच्या कामी येतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला रेडिएटरच्या पाण्यात. म्हणजे दहातले साडेसहा लिटर आपण कोल्हापूरची हवा तापवायला जाळतो. हे वाक्य आप्पा रात्री अकरानंतर म्हणतात, तेही अंधारात, कट्ट्यावर बसून. ऐकणाऱ्याला उगाच आपल्याकडून काही गुन्हा घडल्यासारखं वाटतं.

तर अशा माणसानं निवृत्तीच्या पैशातून पोराला धंद्यासाठी महिंद्राची वीस वर्षं जुनी पिकअप घेऊन दिली. जाताना गूळ, येताना कोकणातून हंगामाप्रमाणे आंबा नाहीतर काजू. पोरगा खूश होता. गाडी चालत होती, ओढत होती, मागून जरा निळसर धूर सोडत होती. पोराच्या दृष्टीनं धूर मागच्या माणसाचा प्रश्न होता. आप्पांनी पहिल्या महिन्याचा हिशेब मांडला. ९६.

"शहाण्णव," ते मला म्हणाले. त्या आवाजात एखाद्या पोराचा बारावीचा निकाल सांगावा तशी शरम होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आवाज दिला. इंजिन चालू होतं. आप्पांनी ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि तिथंच उलटं ठेवलं. झाकण थडथड नाचायला लागलं, भाताच्या पातेल्यावरचं नाचतं तसं.

"बगा. रिंगांच्या कडंनं हवा खाली उतरतीया. पिस्टन ढकलायची ती हवा झाकन नाचवतीया. आपन तमाशाला डिझेल घालतोय मास्तर."

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकनं सांगितलं, "आप्पा, रिंगा टाकूया. दोन दिवसांत गाडी हातात." आप्पा हसले. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला 'रिंगा टाकूया' म्हणणं म्हणजे कीर्तनकाराला ताल धरायला शिकवणं. सिलिंडर वरच्या टोकाला, पिस्टन जिथं वळतो तिथं, जास्त झिजतो. वर रुंद, खाली अरुंद आणि एका बाजूनं लांबट होतो. तशा भोकात नव्या गोल रिंगा घातल्या तर त्या सगळीकडून भिंतीला टेकतच नाहीत. चार महिने धूर थांबतो, मग पहिले पाढे पंचावन्न. आप्पांनी हेड उतरवलं, माझं बोट धरून पहिल्या सिलिंडरच्या काठाशी आत फिरवलं. वरून थोडं खाली नख अडकलं.

"हितं रिंग वळतीया. वरचं कोरं, खालचं झिजल्यालं. नख अडाकलं म्हंजे काम फुल इंजिनाचं."

मी मराठीचा मास्तर. त्या दिवसापासून माझं नख आप्पांच्या दृष्टीनं एक मोजमापाचं हत्यार आहे.

पुढं जे घडलं ते सांगायला आप्पा आजही कचरतात. उतरवलेल्या हेडच्या पुढचं घर उघडलं आणि आत पाहिलं तर थर्मोस्टॅट नाही. नुसती रिकामी जागा. आधीच्या कुठल्या तरी मेकॅनिकनं 'गाडी गरम होतीया' या तक्रारीवर तो उपटून फेकून दिला होता. आपल्याकडे हा इलाज सर्रास चालतो. थर्मोस्टॅट हे एक साधं दार असतं. पाणी पुरेसं तापेपर्यंत ते रेडिएटरची वाट बंद ठेवतं, म्हणजे इंजिन लवकर उबदार होतं. दारच काढून टाकलं की इंजिन थंडगार चालत राहतं. ऑइल दाट राहतं, डिझेल नीट जळत नाही, न जळलेलं डिझेल भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि भिंत झिजते. एवढ्या तीन-चारशे रुपयांच्या वस्तूवाचून गाडी किती वर्षं थंडीत कुडकुडत पळाली असेल, या विचारानं आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराच्या लग्नातही ते रडले नव्हते. काकींनी हे त्याच दिवशी बोलून दाखवलं.

ब्लॉक उद्यमनगरात गेला. कोल्हापुरात लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग म्हटलं की शिवाजी उद्यमनगर. तिथली जुनी माणसं पिस्टनकडे बघून कुठल्या गाडीचा ते सांगतात. आप्पांनी ज्या कारखान्यात काम दिलं तिथला मेस्त्री सत्तरीचा होता. दोघांनी एकमेकांना पहिल्या भेटीतच ओळखलं आणि त्या क्षणापासून एकमेकांचा द्वेष केला.

"सायेब, उद्या संध्याकाळी या. तयार असंल," मेस्त्री म्हणाला.

"मी हितंच बसतो," आप्पा म्हणाले.

तीन दिवस आप्पा स्टुलावर बसले. नवे पिस्टन त्यांनी बरोबर नेले होते, कारण चारही पिस्टन पेटीतून एकाच मापाचे येतात ही कल्पना त्यांना मान्य नाही. प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या जोडीचं भोक त्याच मापाला कापायचं, ही त्यांची अट. मेस्त्री थौमध्ये बोलायचा, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि आप्पा अर्ध्या थौवर अडून बसायचे. माणसाचा केस दोन-तीन थौ जाड असतो. म्हणजे दोन म्हातारे तीन दिवस केसाच्या चौथ्या भागावरून भांडत होते, आणि दोघांच्याही डोक्यावर मिळून पाचपन्नास केस असतील.

या इंजिनाचं मला आवडलेलं एक गुपित आप्पांनी त्याच काळात सांगितलं. कागदावर त्याचा बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६. मला वाटलं, असले अपूर्णांक कुठल्या शहाण्यानं काढले असतील? आप्पांनी सरळ रूपांतर करून दाखवलं. बरोब्बर साडेतीन इंच आणि चार इंच. चार सिलिंडरचे मिळून २५२३ सीसी. "वरून मेट्रिक सदरा घातलाय. आत सगळं इंच-फूटच हाय, माज्यासारकं." वाढदिवसाला पोरानं त्यांना फिटनेसचं घड्याळ दिलं होतं. ते आप्पांचं चालणं किलोमीटरमध्ये सांगतं, आप्पा ते मनातल्या मनात मैलात करून घेतात.

क्रँकचं ग्राइंडिंग झालं, नवी बेअरिंगं आली. इंजिन जोडण्याआधी पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड वजनाला जोडीचे हवेत, नाहीतर इंजिन थरथरतं, असं आप्पांनी जाहीर केलं. दुकानातल्या साध्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून ते चार पिस्टन, चार रॉड कापडी पिशवीत घालून गुजरीत गेले. सराफाकडे. मी बरोबर होतो, कारण पिशवी जड होती. दुकानात एक बाई मुलीसाठी बोरमाळ पाहत होत्या. सराफानं चांदी तोलायच्या काट्यावर तांबडी मखमल होती तीच ठेवली आणि आप्पांनी तिच्यावर पहिला पिस्टन उभा केला. बाईंनी बोरमाळ खाली ठेवली आणि बराच वेळ त्या पिस्टनकडेच पाहत राहिल्या. सराफ गंभीर माणूस. त्यानं आकडे कागदावर लिहून दिले आणि शेवटी म्हणाला,

"तिसरा नग तोळाभर जास्त भरतोय. घट धरायची का?"

आप्पांनी घरी येऊन तिसऱ्या पिस्टनच्या आतल्या बाजूनं तोळाभर धातू कानशीनं काढला. कानशीखालचा भुगा त्यांनी कागदात बांधून ठेवला आहे. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

महिनाभर इंजिन त्यांच्या सोप्यात होतं. क्रँकशाफ्ट आडवा ठेवला तर स्वतःच्या वजनानं वाकू शकतो म्हणून तो देवघराच्या कोपऱ्यात, भिंतीला न टेकवता, उभा बांधून ठेवला होता. ऑइल लावलेला, चकचकीत, ठिकठिकाणी वाकलेला. रात्री दिव्याच्या उजेडात एखादा अनोळखी देव उभा असावा तसा. मधेच दसरा आला. खंडेनवमीला घरात शस्त्रं-अवजारं पुजतात, तेव्हा काकींनी पाना, हातोडी, फीलर गेज यांच्याबरोबर क्रँकलाही हळदकुंकू वाहिलं. आप्पा घाईघाईनं आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, जर्नलवर नगं. कुंकवात वाळू असतीया." मग जर्नल, म्हणजे बेअरिंगात फिरणारा भाग, पुसून, पुन्हा ऑइल लावून, कुंकू वेबवर, म्हणजे जर्नलांना जोडणाऱ्या भागावर, लावायचं ठरलं. आमच्याकडे कुठल्याही देवाला इतक्या अचूक जागी कुंकू लागलेलं मी पाहिलेलं नाही.

हेडचे बोल्ट आवळायचा दिवस तर गल्लीला सुतकच. टॉर्क रेंचचा 'टक्' आवाज ऐकू यायला हवा म्हणून आप्पांनी तालमीतल्या पोरांना स्पीकर बंद करायला लावला. बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, प्रत्येक फेरीत ताण वाढवत आवळायचे. आप्पा आवळायचे, 'टक्' झालं की काकी वहीत बरोबरची खूण करायच्या. दुसऱ्या फेरीत अकराव्या बोल्टला समोरच्या घरातला कुकर शिट्टीला आला आणि आप्पांनी हात थांबवून त्या दिशेनं पाहिलं. समोरून गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

गाडी चालू करायच्या दिवशी नारळ, उदबत्ती, गल्ली, सगळं जमलं. आधी डिझेलच्या लाइनमधली एअर काढली. मग इंजिन पेटू न देता नुसतं फिरवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत वाट पाहिली, कारण कोरड्या बेअरिंगवर इंजिन पेटलं तर तीन महिन्यांचं काम तीन सेकंदांत वाया. शेवटी आप्पांनी पोराला नजरेनं खूण केली. दोनदा अडखळून तिसऱ्यांदा इंजिन लागलं. धूर नाही, थरथर नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. तेवढ्यात आप्पांनी हात वर करून गाडी बंद करायला लावली.

"काय झालं?"

"दोन नंबरचा टॅपेट. टिक करतोय."

कुणालाच टिक ऐकू आली नव्हती. आप्पांनी झाकण उघडून, फीलर गेज घालून, स्क्रू किती फिरवला देव जाणे, पण नंतरसुद्धा आम्हाला पूर्वीइतकंच काहीही ऐकू आलं नाही. आप्पा मात्र समाधानानं मान हलवत होते.

रनिंगचा काळ संपला, तीनदा ऑइल बदललं, नवा थर्मोस्टॅट आपलं काम चोख करत होता. हिशेबाला लागायची वेळ आली. टाकी तोंडापर्यंत भरायची, ठरलेल्या वाटेनं जाऊन यायचं, पुन्हा तोंडापर्यंत भरायची, गेलं ते डिझेल मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण टाकीच्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, म्हणून आप्पा पंपावर गाडी दोन्ही हातांनी हलवतात. डुलवतात म्हणा. मागच्या रांगेतून हॉर्न वाजतात. शिवाय पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात डिझेल मोजून दाखवावं लागतं, हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. कोल्हापुरात हा हक्क दर खेपेला बजावणारा एक मनुष्य आहे. पंपावरची पोरं आता पिकअप दिसली की न सांगता माप धुऊन पुढं आणतात.

पहिला आकडा आला १२१.

त्या संध्याकाळी आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. "येकशे येकवीस," असं प्रत्येकाच्या तळहातावर पेढा ठेवताना म्हणत होते. नवख्या माणसाला वाटलं असेल, घरात रक्तदाबाचा कुणी पेशंट बरा झाला.

माणूस इथंच थांबला असता तर हे व्यक्तिचित्र लिहायची गरज पडली नसती. १२१ आल्यावर आप्पांना १२५ दिसायला लागलं. टायरची हवा रोज पहाटे, टायर गार असताना. मागच्या चाकाचा ब्रेक चिकटतो का हे पाहायला चाक जॅकवर उचलून एका बोटानं फिरवायचं. पोराचा पाय जड म्हणून अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलखाली लाकडाचा गुटका ठोकला. पेडल अर्ध्यावर जाऊन थांबायचं. सपाटीला हे चाललं. कोकणातून आंब्याच्या पेट्या भरून करूळचा घाट चढताना मात्र गाडी पहिल्या गिअरमध्ये, बैलानं मान खाली घालून चालावं तशी चालली. मागून एसटी आली. तिनं हॉर्न दिला, वळणावर ओलांडलं आणि निघून गेली. बापलेक दोघेही केबिनमध्ये होते. पोरगा म्हणाला, "आप्पा, आता तरी गुटका काढा." आप्पांनी जाणाऱ्या एसटीला हात उंचावून नमस्कार केला आणि म्हणाले, "तिचं पंचेचाळीस. आपलं येकशे अठरा. जाऊ दे तिला."

मग सायलेन्सरकडे जाणाऱ्या उष्णतेचं काहीतरी करायचं त्यांच्या मनात आलं. साडेसहा लिटरपैकी निदान दोन-चार थेंब वसूल करायचे. मॅनिफोल्डवर त्यांनी पत्र्याची छोटी पेटी बसवली आणि महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी फॉइलमध्ये गुंडाळलेली रताळी आत ठेवली. गगनबावड्याला जाऊन परत येईपर्यंत रताळी भाजून निघाली. उपासाचं म्हणून घरोघरी वाटली. चव उत्तम होती, फक्त मागून एक वास यायचा. आमच्या आईनं एक खाल्लं आणि विचारलं, "हे उपासाला चालतं का रे?" मी आप्पांना हे कळवलं. ते म्हणाले, "डिझेल वनस्पतीच हाय की. कोट्यवधी वर्सांपूर्वीची."

हिशेबाची गंमत पुढं आहे. इंजिनाला सगळं मिळून ८२ हजार लागले. महिन्याला १,५०० किलोमीटर धरले तर ९६ नं १५६ लिटर लागायचे, १२१ नं १२४. वाचले ३२ लिटर. ९१ रुपयांनी महिन्याला २,९१२. म्हणजे २८ महिन्यांत पैसे वसूल. हा हिशेब आप्पांनी कॅलेंडरच्या मागं लिहून खिळ्याला टांगला होता. पोरानं एका रविवारी त्याच्याखाली आपला हिशेब लिहिला. आता गाडी महिन्याला धंद्याला जेमतेम २०० किलोमीटर जाते, कारण खराब रस्ता दिसला, घाट दिसला, वजन जास्त दिसलं की आप्पा भाडं नाकारतात. अ‍ॅव्हरेज बिघडतं. वर आणखी ४०० किलोमीटर आप्पा स्वतः चाचणीसाठी चालवतात. त्याला लागतं ३३ लिटर. वाचलेले ३२ लिटर मोजायला ३३ लिटर. ६०० किलोमीटरवर वसुली ७० महिन्यांची. पोरानं शेवटी कंसात 'तोवर मी नोकरी बघू का?' असंही लिहिलं.

आप्पांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"आकडेमोड बरोबर हाय," ते म्हणाले. "पोरगा हुशार निघाला." आणि चाचणीला निघून गेले.

त्याच चाचणीत घोळ झाला. मी शेजारी बसलो होतो. गगनबावड्याच्या रस्त्याला किलोमीटरचे दगड मोजत होतो, काही उद्योग नाही म्हणून. पन्नास दगड झाले तेव्हा मी सहज म्हटलं, "पन्नास झाले, आप्पा." आप्पांनी मीटरकडे पाहिलं. मीटरवर ५३ झाले होते.

गाडी बाजूला घेतली. बराच वेळ आम्ही गप्प बसलो. मला नंतर समजलं ते असं. इंजिनाच्या कामाबरोबर आप्पांनी टायरही बदलले होते. नवे टायर उंचीला किंचित कमी. चाक लहान झालं की तेच अंतर कापायला त्याला जास्त फेऱ्या घ्याव्या लागतात आणि मीटर बिचारा फेऱ्याच मोजतो. म्हणजे मीटर प्रत्येक पन्नासाला तीन फुकटचे लावत होता. आणि १२१ हा आकडा खऱ्या किलोमीटरनं काढला तर ११४ निघतो.

मी समजूत घातली. म्हटलं, "आप्पा, ९६ चे ११४ झाले. अठरानं वाढलं. एवढं कुठं होतं हो कुणाचं?"

"सात गेले," आप्पा म्हणाले.

दोन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. काकी सांगत होत्या, जेवत नाहीत, डिझेलसाहेबाच्या फोटोकडे बघत बसतात. मला साहेबाचा शेवट आठवला आणि रंकाळा जवळच आहे या विचारानं जरा काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला दारावर थाप पडली. दारात आप्पा, हातात जुनी अठ्ठावीस इंची सायकल, तिच्या पुढच्या टायरला खडूची जाडजूड पांढरी रेघ. चेहऱ्यावर तेज.

"मास्तर, दगड चुकीचं हायेत."

"काय?"

"बांदकामवाल्यांनी कसलं मोजल्यात! टेप ताणून धरला का ढिला, कुनी बघितलंय? मीटर माजा बरोबर आसंल. दगडच तीन मीटर, पाच मीटर हिकडं-तिकडं रोवल्याले. चला."

"कुठं?"

"दोन दगडांत अंतर मोजायला. ह्या चाकाचा घेर मी रात्री काढलाय. एका किलोमीटरला चारशे अठ्ठेचाळीस फेरं पायजेत. टायरची हवा बगून घेतलीया. तुमी रेघेवर नजर ठेवायची, मोठ्यानं मोजायचं."

मग त्या धुक्यात, उसाच्या दोन फडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर, आप्पा सायकल हातात धरून सावकाश चालत होते आणि मी शेजारी वाकून रेघ वर आली की आकडा म्हणत होतो. पुढच्या दगडापर्यंत सरळ रेषेत जायचं, रस्त्याचा कडेचा पांढरा पट्टा सोडायचा नाही, असा हुकूम होता. तीनशे अकरा, तीनशे बारा. समोरून दुधाचे कॅन बांधलेली मोटरसायकल आली. गवळी ओळखीचा निघाला. थांबून म्हणाला, "रामराम मास्तर! सकाळ सकाळ काय हरवलं म्हनायचं?"

मी म्हटलं, "रामराम."

आप्पांनी सायकल थांबवली. गवळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे.

"कितीवर हुता?"

मी गप्प.

आप्पा एक शब्द बोलले नाहीत. सायकल वळवली आणि मागच्या दगडाकडे चालायला लागले.